कार्ड मिळालं, दवाखान्याचं काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेची, म्हणजे ॲडमिट झाल्यावर पाच लाखांपर्यंत मोफत उपचार देणाऱ्या कार्डाची माहिती दिली होती, कोणाला मिळते, कागदपत्रं काय लागतात वगैरे. त्यावर नाशिक शहरातून आणि तालुक्यांमधून भरपूर प्रश्न आले. पण त्यातले बरेचसे माहितीचे नव्हतेच, ते रागाचे होते, आणि तो राग मला पटतो. म्हणून यावेळी थोडं सविस्तर लिहिते. आजारपणाचा विषय आहे त्यामुळे कोणाचंच नाव देत नाहीये, फक्त गाव किंवा भाग देते.

प्रश्न (निफाड तालुका, द्राक्ष बागायतदार): वडिलांची ॲन्जिओप्लास्टी योजनेतून झाली, खरंच एक रुपया लागला नाही. पण आईला शुगर, बीपी, थायरॉईड आहे आणि तिच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरची फी दर महिन्याला चालूच. योजना ह्याला का नाही?

उत्तर: दादा, योजना बनलीये ती ॲडमिट होणाऱ्या पेशंटसाठी. मोठ्या ऑपरेशनमध्ये घर बसतं, जमीन विकावी लागते, म्हणून आधी ते कव्हर केलं. आणि त्याचा फायदा झालाय, हार्ट, डायलिसिस, कॅन्सर ह्यात कितीतरी घरं वाचलीत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण माणसाच्या खिशातून जो पैसा जातो त्यातला मोठा वाटा ऑपरेशनचा नसतोच, तो रोजच्या गोळ्यांचा, रक्त-लघवीच्या तपासण्यांचा आणि ओपीडीचा असतो. सिव्हिलच्या किंवा कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या समोरच्या मेडिकलवर अर्धा तास उभे राहा, चिठ्ठीवर महिन्याच्या गोळ्या लिहिलेल्या असतात आणि माणूस म्हणतो "सध्या आठ दिवसाच्याच द्या", मग दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापून देतो. पाच लाखांचं कार्ड खिशात असणारी माणसं आहेत ही.

सरकारच्याच नॅशनल हेल्थ अकाउंट्सचे आकडे बघा. २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चातले ६४.२ टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरत होते, २०२१-२२ मध्ये ते ३९.४ टक्क्यांवर आलं. कमी झालं ही चांगलीच गोष्ट, पण ते वर्ष कोविडचं होतं, लसीकरण वगैरेमुळे सरकारचा खर्च एरवीपेक्षा जास्त होता, त्यामुळे त्या आकड्यावर फार खूश व्हायला नको. आणि ३९ टक्के म्हणजे काय कमी आहे का, शंभरातले चाळीस रुपये अजून आपणच देतोय.

आता योजना फक्त ॲडमिशनचीच का, तर ऑपरेशनचं पॅकेज ठरवता येतं, मोजता येतं, पेशंटचा फोटो पोर्टलवर टाकता येतो, आणि सभेत "पाच लाखांचं कवच दिलं" असं सांगता येतं. शुगरची गोळी वर्षभर अखंड मिळाली हे सभेत सांगून टाळ्या पडत नाहीत. पण हिशोब केला तर तीच गोळी स्वस्त पडते, कारण ती चुकली की दहा वर्षांनी किडनी जाते आणि मग ह्याच योजनेतून आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिसचे पैसे सरकारला द्यावे लागतात. म्हणजे स्वस्तातलं काम टाळायचं आणि महागातलं करायचं, असं चाललंय.

ह्यावर तोडगा नाही असं नाही. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं, सगळ्या सरकारी दवाखान्यांची खरेदी एकत्र, दर्जा तपासूनच औषध पुढे जाणार, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुक, की तुमच्या नावावर एवढ्या रकमेची औषधं आहेत, लागतील तशी उचला. काम कंटाळवाणं आहे, पण त्याचं नाव आज देशभर घेतलं जातं. आपल्याकडे हे काम आधी हाफकिन ह्या सरकारी संस्थेकडे होतं, मग २०२३ मध्ये कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण केलं. कायदा झाला हे बरंच झालं, पण गोळी उपकेंद्राच्या कपाटात दिसली तरच त्याला अर्थ.

तुमच्या आईसाठी आत्ता काय करता येईल ते सांगते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांमध्ये केसपेपर, तपासणी, उपचार सगळं मोफत आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, आणि आपल्या नाशिकचं संदर्भ सेवा रुग्णालयही त्यात आहे. बीपी-शुगरच्या रुग्णांची नोंद आरोग्य केंद्रात होते आणि गोळ्या तिथूनच मिळायला पाहिजेत. एकदा नोंद करून घ्या. गोळी संपलीये म्हणाले तर तोंडी ऐकून परत येऊ नका, वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या. कमी पडलेल्या गोळ्या जनऔषधी दुकानातून घेतल्या तरी बराच फरक पडतो, फक्त बदलताना डॉक्टरला घटक दाखवून घ्या.

प्रश्न (नाशिकरोड, स्वतःचं छोटं हॉस्पिटल असलेले डॉक्टर): तुम्ही मीडियावाले आम्हाला लुटारू ठरवून मोकळे होता. योजनेचे रेट परवडत नाहीत, झालेल्या कामाचे पैसे महिनोन्महिने येत नाहीत, स्टाफचे पगार कुठून करायचे? आणि वर नवीन नवीन नियम.

उत्तर: डॉक्टरसाहेब, रेट आणि पैसे उशिरा येणं ह्या दोन्ही बाबतीत तुमचं बरोबर आहे आणि ते मी मनापासून म्हणते. पॅकेजचा रेट खऱ्या खर्चापेक्षा कमी ठेवला तर काय होतं हे आपल्या शहरात कुणीही सांगेल. काही हॉस्पिटलं योजनेत येतच नाहीत, काही येतात पण ज्यात परवडतं तेवढेच पेशंट घेतात, आणि काही ठिकाणी नातेवाईकाला बाजूला घेऊन "हे योजनेत बसत नाही, वरचे तेवढे भरा" असं सांगितलं जातं. सरकारला वाटतं आपण रेट कमी ठेवून पैसे वाचवले, आणि ते पैसे शेवटी पेशंटच्याच खिशातून निघतात. पेमेंट लटकवणं हे तर त्याहून वाईट, कारण मोठं कॉर्पोरेट हॉस्पिटल सहा महिने थांबू शकतं, पंधरा बेडवाला नाही थांबू शकत. नियम आणि पेमेंट दोन्ही असे असले की फक्त मोठेच टिकतील, तर पुढे रेट ठरवायची ताकदही त्यांच्याच हातात जाणार, आणि मग सरकारलाही ते जड जाईल.

पण नियमांच्या बाबतीत मी तुमच्यासोबत नाही. दरपत्रक दर्शनी भागात लावणं, रुग्ण हक्कांची सनद लावणं हे आपल्या राज्याच्या नर्सिंग होमच्या नियमांमध्ये २०२१ मध्ये आलं, आणि त्यात हॉस्पिटलचं नुकसान नेमकं काय होतं? दवाखान्यांची नोंदणी आणि किमान दर्जा ह्यासाठीचा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा आहे, महाराष्ट्राने तो अजून घेतलेलाच नाही. दर बांधता येत नाहीत असं म्हणतात तर मे २०२० आठवा, सरकारने कोविडसाठी दिवसाचे ४ हजार, आयसीयूला साडेसात हजार आणि व्हेंटिलेटर असेल तर ९ हजार असे दर बांधले, ऐंशी टक्के बेड त्यात धरले, बिलं तपासायला ऑडिटर बसवले. भांडणं झाली, पळवाटाही निघाल्या, पीपीई किट आणि ग्लोव्हजच्या नावाने लांबच लांब बिलं आली, पण दर जाहीर असल्यामुळे नातेवाईकाला निदान बोट दाखवायला जागा होती.

आणि नुसता दर बांधूनही भागत नाही हेही खरं. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटचे, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीचे भाव बांधले, औषधवाला स्टेंट लाखाच्या पुढे जायचा तो २९,६०० वर आणला. पण पेशंटचं एकूण बिल त्या मानाने उतरलं नाही ही तक्रार तेव्हापासून आहे, कारण एका ओळीतला पैसा दुसऱ्या ओळीत सरकतो. म्हणून एकेका वस्तूचा नाही तर पूर्ण उपचाराचा खर्च नीट अभ्यासून, डॉक्टरांना सोबत बसवून दर ठरवावा, पैसे ठरलेल्या दिवसात द्यावेत आणि उशीर झाला तर सरकारने व्याज द्यावं, असं मला वाटतं. तुमच्या संघटनेने मोर्चा ह्या मागणीसाठी काढला तर पेशंट तुमच्यासोबत येतील.

प्रश्न (सिडको, निवृत्त बँक कर्मचारी): मुलगी अमेरिकेत आहे, तिथे इन्शुरन्स असूनही हजारो डॉलरचं बिल येतं म्हणते. जगातला सगळ्यात श्रीमंत देश, त्यांना हे का जमत नाही? आणि इंग्लंडला कसं जमलं?

उत्तर: काका, पैशाचा प्रश्न असता तर अमेरिकेने कधीच सोडवला असता, ते जीडीपीच्या सतरा टक्क्यांच्या आसपास आरोग्यावर घालवतात आणि तरी अडीच कोटीच्या वर लोकांकडे विमाच नाही. त्याचं मूळ जुन्या गोष्टीत आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढीवर बंदी घातली, मग कंपन्यांनी माणसं टिकवायला पगाराऐवजी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली, त्यावर टॅक्सची सूट मिळाली आणि विमा नोकरीला चिकटला तो कायमचाच. म्हातारे आणि गरीब त्यात बसत नव्हते, त्यांच्यासाठी १९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड आलं. मधले उरले ते उरलेच.

मग ओबामांनी २०१० मध्ये कायदा आणला. आजारी माणसाला विमा नाकारायचा नाही असं कंपन्यांना सांगितलं, पण तेवढंच केलं तर लोक काय करणार, आजारी पडल्यावरच विमा घेणार, निरोगी बाहेर राहणार, प्रीमियम वाढणार, मग अजून निरोगी लोक बाहेर पडणार. म्हणून सगळ्यांनी घेतलाच पाहिजे, नाहीतर दंड, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना सरकारी मदत. तीन पायांचं स्टूल होतं, एक काढला की पडेल असा विचार. हिशोबाला हे बरोबर आहे पण राजकारणात तोच दंड सगळ्यात जास्त टोचला. अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहात, हाऊसमध्ये, तो कायदा २१९ विरुद्ध २१२ असा काठावर पास झाला, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ ने वाचला, आणि २०१७ मध्ये रद्द करायचा प्रयत्न झाला तेव्हा वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, रिपब्लिकन जॉन मॅकेन यांनी स्वतःच्याच पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून ४९-५१ ने टिकला.

इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे सगळ्यांसाठीची सरकारी आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हाही सगळं गोडीगुलाबीने नाही झालं, डॉक्टरांच्या संघटनेचा कडक विरोध होता, आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी मोठ्या स्पेशालिस्टना एनएचएसच्या पगारासोबत प्रायव्हेट प्रॅक्टिसची मुभा देऊन विरोध फोडला. कॅनडात सॅस्कॅचेवान प्रांताने १९६२ मध्ये सगळ्यांसाठी योजना आणली तर डॉक्टर तेवीस दिवस संपावर गेले. आपल्याकडे राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, डॉक्टर रस्त्यावर, दवाखाने बंद, आणि शेवटी समझोत्यात पन्नास बेडच्या आतली खासगी हॉस्पिटलं आणि ज्यांनी सरकारकडून जमीन-सवलत घेतलेली नाही अशी हॉस्पिटलं बाहेर ठेवावी लागली.

सगळीकडे एकच गोष्ट दिसते. ज्यांचं नुकसान होणार ते मोजके असतात, एकत्र असतात आणि त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. ज्यांचा फायदा होणार ते कोट्यवधी असतात, विखुरलेले असतात आणि त्यातल्या बहुतेकांना आपण पुढच्या वर्षी आजारी पडणार आहोत हे माहीतच नसतं, मग भांडायला कोण येणार? म्हणून ज्या सरकारने एकदाचं सुरू करून दाखवलं तिथेच ते टिकलं, कारण हातात मिळालेलं लोक मग सोडत नाहीत.

प्रश्न (अंबड एमआयडीसी, कंत्राटी कामगार): पगार आत्ताच वाढून २१ हजाराच्या वर गेला, सुपरवायझर म्हणतो ईएसआय (कामगार विमा) बंद. बायकोचं बाळंतपण तोंडावर आहे. खरंच बंद होतं का?

उत्तर: लगेच नाही होत भाऊ. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालावधी असतात, मध्येच पगार २१ हजाराच्या वर गेला तरी तो कालावधी संपेपर्यंत तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के भरावेच लागतात, आणि त्यावरचे फायदे त्यानंतरही काही महिने चालू राहतात. पगाराची स्लिप आणि ईएसआय नंबर घेऊन शाखा कार्यालयात जा आणि तारखा नीट लिहून घ्या, सुपरवायझरच्या तोंडी शब्दावर राहू नका. ही २१ हजाराची मर्यादा २०१७ पासून आहे तिथेच आहे, किमान वेतन आणि महागाई मात्र थांबलेली नाही, त्यामुळे थोडी पगारवाढ झाली की माणूस विम्याबाहेर. ही मर्यादा वाढवायलाच पाहिजे.

प्रश्न (पंचवटी, ७२ वर्षांच्या आजी): जीएसटी काढला म्हणे, मग माझा मेडिक्लेमचा हप्ता का वाढला? आणि माझ्याकडे पॉलिसी आहे तर आयुष्मान कार्ड मिळेल का?

उत्तर: आजी, आधी कार्डाचं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आधार लागतं, बाकी काही नाही. खासगी मेडिक्लेम असला तरी चालतो. फक्त केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएससारखी दुसरी सरकारी योजना असेल तर दोन्हीतली एक निवडावी लागते. नातवाला सांगा, मोबाईलवरही निघतं, नाहीतर १४५५५ ला फोन करा.

हप्त्याचं असं की वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, पण मूळ हप्ता कंपनी दरवर्षी वाढवतेच, वय वाढलं की वाढवते आणि हॉस्पिटलचे दर वाढले की अजून वाढवते. विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय की ज्येष्ठांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला. तुमची वाढ त्याहून जास्त दिसली तर कंपनीला ईमेलवर कारण विचारा. आणि कार्ड मिळालं म्हणून लगेच मेडिक्लेम बंद करू नका, तुमच्या नेहमीच्या दवाखान्यात कार्ड चालतं का ते आधी बघा. जुनी पॉलिसी सोडली तर ह्या वयात परत तशी मिळणं अवघड आहे.

प्रश्न (सुरगाणा तालुका, आश्रमशाळेतले शिक्षक): आमच्याकडे घरोघरी कार्ड आहे, शिबिरं घेऊन काढून दिलीत. पण कार्ड चालणारं हॉस्पिटल म्हटलं की नाशिक. घाट चढून जाण्यात दिवस जातो, गाडीचं भाडं वेगळं, सोबतच्या माणसाची मजुरी वेगळी. सरकार पैसे देतंय तर खासगी हॉस्पिटल इकडे का येत नाही?

उत्तर: सर, तुमचा प्रश्न मुद्दाम शेवटी घेतलाय कारण इथेच सगळं येऊन अडतं.

योजनेचा पैसा पेशंटच्या मागे जातो असं म्हणतात पण प्रत्यक्षात तो बेडच्या मागे जातो. जिथे ऑपरेशन थिएटर आहे, भूलतज्ज्ञ आहे तिथे क्लेम होणार, आणि तो पैसा तिथेच राहून तिथे अजून एक मजला चढणार. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या माणसाच्या नावावर पाच लाख आहेत, पण ते वापरायची जागा नाशिकच्या रस्त्यांवर आहे. खासगी डॉक्टर सुरगाण्यात कोट्यवधीचं कर्ज काढून हॉस्पिटल टाकणार नाही, महिन्याला किती सिझेरियन आणि किती फ्रॅक्चर येतील ह्याचा हिशोब तो करतो आणि तो बसत नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही, जिथे बाजाराला परवडत नाही तिथेच सरकारने उभं राहायचं असतं.

थायलंडचं उदाहरण ह्यासाठी मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी २००१ मध्ये "तीस बाथ" योजना आणली, एका भेटीला तीस बाथ, तेव्हाचे साधारण तीस-पस्तीस रुपये, आणि २००२ मध्ये कायदाच केला. पण त्याच्या आधीची पंचवीस-तीस वर्षं त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यात छोटी सरकारी हॉस्पिटलं बांधली, शिकून निघालेल्या डॉक्टरांना खेड्यात काम करायला लावलं, तिथे जास्त पैसे दिले, नर्सेस तयार केल्या. म्हणजे आधी दवाखाना, मग कार्ड. आणि पैसे वाटायची पद्धतही वेगळी ठेवली, किती ऑपरेशनं केली ह्यावर मुख्य पैसा नाही तर त्या हॉस्पिटलच्या हद्दीत किती माणसं नोंदलेली आहेत त्यावर, माणशी ठराविक. त्यामुळे जिथे लोक राहतात तिथे पैसा गेला. २००६ मध्ये लष्कराने सरकार उलथवलं पण योजना बंद केली नाही, लोकांना ती इतकी हवी होती.

आपल्याकडे हा विचार नवीन नाही. स्वातंत्र्याआधीच्या सरकारी आरोग्य समितीने, भोर समितीने, १९४६ मध्येच लिहून ठेवलंय की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचा पूर्ण आराखडा दिला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारचा आरोग्य खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के करू असं होतं, २०२१-२२ चा आकडा १.८४ टक्के, तोही कोविडमधला. आणि आरोग्य हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे नुसतं दिल्लीकडे बोट दाखवून चालणार नाही, पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांनी बजेटचे आठ टक्क्यांहून जास्त आरोग्याला द्यावेत असं सांगितलं होतं, ते विचारायचं ठिकाण मुंबई आहे, आणि अर्धी जबाबदारी तर जिल्हा परिषदेची.

आता तुम्ही काय करू शकता, कारण शिक्षकाचं गावात ऐकतात. तुमच्या आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात मंजूर पदं किती, भरलेली किती, भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत का, महिन्यात किती बाळंतपणं तिथे झाली आणि किती नाशिकला पाठवली, कोणती औषधं किती दिवस संपलेली होती, ॲम्ब्युलन्स किती दिवस बंद होती, एवढे प्रश्न माहिती अधिकारात टाका, दहा रुपयांचं काम आहे आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाने टाकलं तर तेही नाही. उत्तर आलं की ग्रामसभेत वाचून ठराव करा आणि त्याची प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला, जिल्हा शल्य चिकित्सकांना आणि आमदाराला द्या, ग्रामीण रुग्णालय शल्य चिकित्सकांकडे असतं आणि आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, नाहीतर ते ह्याच्याकडून त्याच्याकडे टोलवतील. आणि नाशिकला पेशंट पाठवावाच लागला तर १०८ ला फोन करा, हॉस्पिटलच्या दारातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला आधी भेटा, ॲडमिट होतानाच योजना सांगा, पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथूनच १५५३८८ ला तक्रार नोंदवा. माहिती अधिकाराचं उत्तर आलं की आम्हालाही पाठवा, पुढच्या अंकात ते पूर्ण छापू.